गुडघ्याचा एमआरआय: कोणाला लागतो, सोबत काय न्यायचं, फॉर्ममध्ये काय लिहायचं

गुडघा दुखायला लागला की आधी एमआरआय (ताकदवान चुंबकाने शरीराच्या आतली चित्रं काढणारी तपासणी) करून टाकू, असं अनेकांना वाटतं. पण डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासलेला असेल आणि त्यांना एखादी नेमकी शंका असेल, तरच ही तपासणी कामाची ठरते.

दुखापतीत ती मोलाची आहे. गुडघा मुरगळून काही तासांतच सूज आली, चालताना तो अचानक दगा देत असेल, तर एसीएल (गुडघ्याला स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) किंवा मेनिस्कस (सांध्यातली गादीसारखी कूर्चेची चकती) फाटल्याची शंका येते आणि एमआरआय ती तपासतो. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. हाड मोडल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे.

झिजेच्या संधिवाताचं गणित वेगळं आहे. वय ४५ किंवा त्याहून जास्त, हालचालीने वाढणारं दुखणं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणारा. एवढ्यावर निदान बहुतेक वेळा होतं. चित्र हवंच असेल तर उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो. एमआरआयमध्ये कूर्चा, हाडाच्या आतली सूज, सांध्यातलं पाणी असं बरंच दिसतं, पण दिसलेलं सगळंच दुखण्याचं कारण नसतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्याचा एमआरआय काढून अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेनिस्कस फाटलेला दिसला त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! निव्वळ रिपोर्ट वाचून ऑपरेशनला घाबरणाऱ्यांनी, आणि त्यासाठी धावणाऱ्यांनीही, हे जरूर लक्षात ठेवावं.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, जुने एक्स-रे, आधीचे एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद न्या. चिठ्ठीवर उजवा की डावा गुडघा, दुखापत कधी व कशी झाली आणि शंका कशाची आहे, हे लिहून घ्या. नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहिलं असेल तर रिपोर्टही तसाच मोघम येतो.

सुरक्षिततेचा फॉर्म मात्र घाईत भरू नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, गर्भारपण, सगळं लिहा. यातलं काही असलं म्हणजे तपासणी बंदच असं नाही. आजचे काही पेसमेकर विशेष खबरदारी घेऊन चालतात. म्हणूनच इम्प्लांटचं कार्ड सोबत हवं. गुडघ्याला बहुधा कॉन्ट्रास्टचं (चित्र ठळक दिसावं म्हणून देतात त्या औषधाचं) इंजेक्शन लागत नाही. लागणार असेल तर मूत्रपिंडाचा आजार आधी सांगा.

तपासणीत पाय आधी आत जातात, डोकं बहुतेकदा बाहेर किंवा यंत्राच्या तोंडाशी राहतं. साधारण अर्धा तास गुडघा स्थिर ठेवावा लागतो. आवाज मोठा असतो, त्यासाठी कानात बोळे देतात. किरणोत्सर्ग नसतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर वेळ ठरवतानाच सांगा.

रिपोर्टसोबत चित्रांची सीडीही मागून घ्या आणि दोन्ही घेऊन चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जा.