ड्रायव्हरची विनाहस्तक्षेप स्थापना

ऑपरेटिंग सिस्टीम कोणाच्या देखरेखीशिवाय बसवली जात असताना मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स, ध्वनी इ. भागांचे ड्रायव्हरही (त्या भागांकडून काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम) त्याच ओघात बसावेत, यासाठी आधीच करून ठेवलेली तजवीज. सेटअप (सिस्टीम बसवणारा प्रोग्रॅम) विचारील त्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवलेली उत्तर-फाइल हा या पद्धतीचा पाया होय. प्रस्तुत नोंद मुख्यतः विंडोज कुळाविषयी असून वापराची उदाहरणे कोल्हापूर परिसरातील आहेत.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोठून धरावी याबाबत एकवाक्यता नाही. विंडोज ९५ मध्ये ‘एमएसबॅच.आयएनएफ’ ही उत्तर-फाइल होती आणि प्लग अँड प्लेही (जोडलेला भाग सिस्टीमने आपणहून ओळखण्याची सोय) होते. म्हणून १९९५ हे वर्ष सांगितले जाते. मात्र त्या काळी बाहेरचा ड्रायव्हर सेटअपच्या संचात मिसळायचा, तर त्यासाठी निराळे साधन वापरावे लागे. दुसरे मत विंडोज एनटी ४.० (१९९६) च्या बाजूचे आहे. नावाच्या दोन्ही बाजूंना डॉलरचे चिन्ह असलेले ‘ओईएम’ (मूळ उत्पादक) फोल्डर या आवृत्तीत वापरात होते आणि त्यात ठेवलेल्या फाइली सेटअप आपणहून डिस्कवर उतरवून घेई. पण एनटी ४.० ला खरे प्लग अँड प्ले नव्हते. ग्राफिक्स कार्ड कोणते, डिस्क जोडण्याचा स्कझी कंट्रोलर कोणता, हे उत्तर-फाइलीत नावानिशी लिहावे लागे. म्हणजे ती फाइल त्या एकाच घडणीच्या मशीनपुरती उपयोगाची. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून सुरुवात धरणारे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फाइली पोचवणे आणि त्यांतील योग्य ती सिस्टीमने स्वतः निवडणे या दोन्ही गोष्टी ‘ओईएम-पीएनपी-ड्रायव्हर्स-पाथ’ या एका ओळीत एकत्र आल्या त्या येथेच. उत्तर-फाइलीचा उगम मात्र याहून जुना आहे. तो वेगळा विषय होय.

जुळणी : प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक आयएनएफ फाइल (त्याच्या माहितीची मजकूर-फाइल) असते आणि तीत तो कोणत्या हार्डवेअर आयडीसाठी (उपकरणाच्या ओळख-क्रमांकासाठी) आहे हे लिहिलेले असते. पीसीआय या मदरबोर्डवरील जोडणीवरच्या आयडीत आधी उत्पादकाचा क्रमांक येतो (इंटेल ८०८६, रिअलटेक १०ईसी, एनव्हिडिया १०डीई) आणि मग उपकरणाचा. एकाच उपकरणाला अनेक ड्रायव्हर जुळत असतील, तर विंडोज आधी ड्रायव्हरवरची डिजिटल सही आणि आयडीची जुळणी किती नेमकी आहे हे पाहते. त्यात बरोबरी झाली, तरच तारीख आणि त्यानंतर आवृत्ती पाहिली जाते. नवा ड्रायव्हर टाकूनही जुनाच का बसला, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुधा याच क्रमात सापडते.

विंडोज २००० व एक्सपी : ‘ओईएम’ फोल्डरातील ‘डॉलर-१’ या उपफोल्डरात ठेवलेले सर्व काही सिस्टीमच्या ड्राइव्हच्या मुळाशी उतरते. त्यातील ड्रायव्हरच्या फोल्डरांची नावे उत्तर-फाइलीतील ‘ओईएम-पीएनपी-ड्रायव्हर्स-पाथ’ या ओळीत अर्धविरामाने तोडून लिहायची. सेटअप उपफोल्डर धुंडाळत नाही, त्यामुळे एकूण एक फोल्डर नोंदवावे लागते. संच वाढला की ओळ सुमारे ४,०९६ अक्षरांच्या मर्यादेला भिडे. मग रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) ‘डिव्हाइसपाथ’ हे ड्रायव्हर शोधण्याच्या मार्गाचे मूल्य सेटअपच्या मध्येच बदलणारी छोटी साधने वापरली जात. यात वेळ साधणे महत्त्वाचे असे. एक्सपीचा चित्ररूप टप्पा पडद्यावर ३९ मिनिटे उरल्याचे दाखवून सुरू होतो, तर ‘सीएमडीलाइन्स.टीएक्सटी’ मधील आज्ञा १२ मिनिटे उरलेली असताना चालतात. उपकरणांची ओळख त्याआधीच उरकलेली असते, म्हणून तेथे मार्ग बदलून काहीच साधत नाही. सही नसलेल्या ड्रायव्हरसाठी ‘ड्रायव्हर-सायनिंग-पॉलिसी’ला ‘इग्नोर’ हे मूल्य देत. ते विसरले, तर ‘विनाहस्तक्षेप’ सेटअप रात्रभर एका इशाऱ्याच्या चौकटीपाशी थांबून राही.

डिस्कच्या ड्रायव्हरला मात्र ही सर्व व्यवस्था लागू पडत नाही. फाइली उतरवायला डिस्क दिसावी लागते आणि डिस्क दिसायला तिचा ड्रायव्हर. एक्सपीच्या सीडीत साटा डिस्क चालवण्याच्या एएचसीआय पद्धतीचा इंटेल ड्रायव्हर नव्हता. सेटअपच्या निळ्या पडद्याच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपी द्यायची, हा अधिकृत मार्ग. विनाहस्तक्षेप पद्धतीत ‘टेक्स्टसेटअप.ओईएम’ आणि उत्तर-फाइलीतील ‘मास-स्टोरेज-ड्रायव्हर्स’ हा विभाग एकमेकांशी अक्षरशः जुळवावे लागत. तसे न जमल्यास ७बी क्रमांकाची निळी चूक (बूटची डिस्क हाती न लागल्याची) ठरलेली. बायोसमध्ये (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅममध्ये) एएचसीआयऐवजी आयडीई ही जुनी पद्धत निवडून वेळ मारून नेणे हाच तेव्हा सर्रास प्रघात होता.

व्हिस्टा व पुढे : व्हिस्टापासून सेटअप विंडोज पीई या छोट्या सिस्टीमवर चालतो आणि विंडोजची तयार डब्ल्यूआयएम (विम) प्रतिमा, म्हणजे सर्व फाइलींचा एकत्र बांधलेला संच, डिस्कवर उलगडतो. उत्तर-फाइल एक्सएमएल झाली. ‘ऑटोअनअटेंड’ या नावाने ती पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवली, की सेटअप तिला शोधून काढतो. ड्रायव्हरचे मार्ग ‘विंडोज-पीई’ आणि ‘ऑफलाइन-सर्व्हिसिंग’ या दोन टप्प्यांत देता येतात. पेनड्राइव्हला कोणते ड्राइव्ह-अक्षर मिळेल याचा भरवसा नसल्याने, ‘विनपीई-ड्रायव्हर’ या डॉलरचिन्हांकित फोल्डरात ड्रायव्हर ठेवणे अधिक सोयीचे. ते सेटअप आपणहून उचलतो आणि नव्या सिस्टीमच्या ड्रायव्हर-साठ्यातही टाकतो.

विंडोज ७ सोबत आलेल्या डिस्म या साधनाने प्रतिमेतच ड्रायव्हर मिसळता येतात आणि ‘रिकर्स’ दिल्यास उपफोल्डरही धुंडाळले जातात. सेटअप सुरू करणाऱ्या बूट.विममध्ये दोन प्रतिमा असतात आणि सेटअप दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिमेतून चालतो. डिस्कचा ड्रायव्हर तीत हवा आणि प्रत्यक्ष बसणाऱ्या विंडोजच्या इन्स्टॉल.विममध्येही हवा. बूट.विममध्ये नसेल, तर डिस्कची यादी रिकामी दिसते. इन्स्टॉल.विममध्ये नसेल, तर सेटअप नीट पार पडून रीस्टार्टनंतर मशीन अडते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क इंटेलच्या निराळ्या नियंत्रकामार्फत जोडणारी सोय) चालू असल्याने एफ६च्या काळातली ही अडचण नव्या रूपात परतली आहे. ६४-बिट व्हिस्टापासून कर्नलमधील (सिस्टीमच्या गाभ्यातील) ड्रायव्हरला सही अनिवार्य असल्यामुळे ‘इग्नोर’ची जुनी पळवाट उरलेली नाही.

केवळ ईएक्सई (स्वतः चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वरूपात मिळणारे ड्रायव्हर डिस्मला चालत नाहीत. काही प्रिंटर आणि मराठी डीटीपी (छपाईच्या मांडणीच्या) सॉफ्टवेअरची हार्डवेअर लॉक (संगणकाला लावायच्या परवाना-चाव्या) ही ठळक उदाहरणे. ते ‘सेटअपकम्प्लीट.सीएमडी’मधून किंवा पहिल्या लॉगिनच्या आज्ञांतून, गुपचूप बसण्याचा स्विच देऊन चालवतात. विंडोजची ओईएम की (मशीनसोबत उत्पादकाने दिलेला परवाना-क्रमांक) वापरली असल्यास ‘सेटअपकम्प्लीट’ चालतच नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

कोल्हापुरातील वापर : राजारामपुरी, शाहूपुरी भागातील दुकानांत ‘विंडोज टाकून द्या’ म्हणून येणारे मशीन बऱ्याचदा असेंबल्ड असते, बोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचे, वायफायचा डोंगल तिसरीचाच. मोठ्या कंपन्यांसाठी सुचवली जाणारी रीत, म्हणजे मेक आणि मॉडेल पाहून ड्रायव्हरचा गट निवडणे, येथे लंगडी पडते. अशा बोर्डांच्या बायोसमध्ये मॉडेलच्या जागी पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढेच लिहिलेले असते. गट मॉडेलवर बेतला असेल, तर अशी सगळी मशीन एकाच निनावी गटात जाऊन पडतात. त्यापेक्षा बोर्डचे नाव निराळे वाचून घेणे, किंवा सरळ हार्डवेअर आयडीवर निवड सोपवणे इष्ट. महाविद्यालयांच्या लॅबमध्ये वेगवेगळ्या वर्षांच्या खरेदीची मशीन शेजारी शेजारी असतात. तेथेही हेच लागू पडते. एका मशीनच्या डिस्कची घोस्ट प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून सर्वांवर ओतण्याची जुनी रीत चिपसेट बदलला की अडते. सिसप्रेप या विंडोज प्रतिमेसाठी तयार करण्याच्या साधनामध्ये डिस्क-ड्रायव्हरची यादी आधी भरून घेतल्यास एक्सपीत ती बऱ्यापैकी चालत असे.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत निराळी बाब दिसते. सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनला प्रोग्रॅम पाठवण्यासाठी आरएस-२३२ हा जुना सिरियल पोर्ट लागतो आणि नव्या संगणकावर तो यूएसबी-सिरियल केबलने मिळवतात. स्वस्त केबलांत प्रॉलिफिकची जुनी पीएल२३०३ चिप किंवा तिची नक्कल असते. स्वयंचलित स्थापनेने नवा ड्रायव्हर बसवला, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाशेजारी ही चिप २०१२ पासून बंद झाल्याची इंग्रजी ओळ उमटते आणि पोर्ट उघडत नाही. केबल कालपर्यंत चालत होती, म्हणून दोष मशीनला दिला जातो. अशा संगणकांसाठी जुना ड्रायव्हर प्रतिमेत ठेवून, नवा पीएनपीयुटिल या विंडोजच्या साधनाने साठ्यातून काढावा आणि विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येणे धोरणाने बंद करावे. ड्रायव्हर-साठा नेहमी ताजा ठेवावा हा सर्वसाधारण सल्ला येथे गैरलागू होय.

लिनक्स : बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असल्याने प्रश्न सौम्य आहे. रेड हॅट कुळात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट ही उत्तर-फाइलींची रूपे होत. अडचण येते ती फर्मवेअरची (उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची), विशेषतः वायफाय कार्डांच्या. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट आहे.