कमी आवाजाचा एअर कॉम्प्रेसर (इमारतींसाठी)

इमारतीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसांना त्रास न देता चालेल असा, हवा दाबून टाकीत साठवणारा यंत्रसंच. दंतचिकित्सालये, रुग्णालये, प्रयोगशाळा, छोट्या कार्यशाळा, पाण्याऐवजी हवा भरून ठेवलेल्या अग्निशमन नळ्या, वातानुकूलनाच्या झडपा हलवणारी जुनी नियंत्रणे अशा अनेक ठिकाणी इमारतीतच दाबाची हवा लागते. यांतले नियंत्रणाचे तंत्र बरेच जुने आहे. अमेरिकन संशोधक वॉरन जॉन्सन यांनी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या तापमान-नियंत्रणाचे पेटंट १८९५ मध्ये घेतले आणि त्या धर्तीच्या व्यवस्था आजही अनेक इमारतींत चालू आहेत. कारखान्यात कॉम्प्रेसरचा आवाज इतर गोंगाटात मिसळून जातो. इमारतीत मात्र तो भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर आणि रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. शांत कॉम्प्रेसर विकत घेता येतो, तसाच असलेला कॉम्प्रेसर शांतही करता येतो. दोन्ही बाबतींत आवाज कोणत्या वाटेने येतो हे आधी ओळखावे लागते. ते न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

आकड्यांचे वाचन

माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा दोन तऱ्हांचा असतो. एक ध्वनिशक्तीचा, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकते त्याचा, आणि दुसरा ध्वनिदाबाचा, म्हणजे ठरावीक अंतरावर, बहुधा १ मीटरवर, किती ऐकू येते त्याचा. उघड्यावर जमिनीवर ठेवलेल्या यंत्राची ध्वनिशक्ती ७८ डेसिबल असेल तर १ मीटरवरचा ध्वनिदाब साधारण ७० भरतो. यंत्र तेच, आकडे दोन. त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडे एकाच तऱ्हेचा आकडा आहे ना, हे पाहावे. कॉम्प्रेसरचा आवाज मोजण्याची पद्धत आयएसओ २१५१ या मानकात दिलेली आहे. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी वाटते, ३ डेसिबलची जेमतेम जाणवते.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. माहितीपत्रकातले आकडे बहुतेक 'डीबीए'मध्ये असतात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालचे सूर वजा करून काढलेले. ६३ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६३ कंपनांच्या सुरावर) ही वजावट सुमारे २६ डेसिबल, तर ३१.५ हर्ट्झवर सुमारे ३९ डेसिबल असते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरची मूळ घरघर नेमकी याच पट्ट्यात येते, आणि भिंती-स्लॅबमधून सर्वांत सहज पलीकडे जाते तीही हीच. परिणामी कागदावर शांत दिसणारे यंत्र शेजारच्या खोलीत छातीत जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहातल्या सतत चालणाऱ्या आवाजासाठी ३० डीबीए ही पातळी सुचवली आणि खालच्या सुरांचे प्रमाण जास्त असेल तर ती याहूनही कमी असावी असे म्हटले. 'सायलेंट' या लेबलाला ठरलेला असा अर्थ नाही.

आवाजाच्या वाटा

पिस्टनच्या यंत्रात सर्वांत मोठा आवाज बहुधा हवा आत ओढण्याच्या तोंडाशी असतो. सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात हवेचा एक घोट घेतो. मिनिटाला ९०० फेरे घेणाऱ्या, एका टप्प्यात दाबणाऱ्या दोन सिलिंडरच्या यंत्रात सेकंदाला ३० घोट होतात. तेच यंत्र दोन टप्प्यांचे असेल तर बाहेरची हवा फक्त मोठा सिलिंडर ओढतो, म्हणून १५. जाळीचा उघडा फिल्टर काढून बंद डब्यातला, आत कागदी घडीचा फिल्टर बसवला तरी फरक लगेच ऐकू येतो. त्यापुढचा उपाय म्हणजे ओढनळी इमारतीबाहेर, खिडक्यांपासून आणि वाहनांच्या धुरापासून दूर नेणे. नळीचा व्यास मूळ तोंडापेक्षा कमी नसावा. लांबीही हवी तशी घेऊन चालत नाही. झडपेच्या बाजूने बंद आणि दुसरीकडे उघडी अशी नळी तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी झाली की घुमते. ३० हर्ट्झसाठी ही लांबी सुमारे २.९ मीटर, १५ हर्ट्झसाठी सुमारे ५.७ मीटर येते. भिंतीपर्यंतचे अंतर नेमके तेवढेच निघाले तर नळी वाढवावी किंवा वाटेत फुगीर डबा घालावा. नळीच्या चौपट व्यासाचा डबा अनुकूल सुरावर १८ डेसिबलपर्यंत घट देऊ शकतो, पण खालच्या सुरांसाठी तो लांबलचक लागतो. लहान डब्याचा उपयोग मुख्यतः वरच्या सुरांना होतो.

दुसरी वाट यंत्राच्या अंगाची: झडपांच्या पट्ट्यांची टकटक, पंखा, मोटर, पट्टा आणि पट्ट्यावरचे सैल जाळीदार आवरण. हे आवरण घट्ट करणे हा यादीतला सर्वांत स्वस्त उपाय. थांबताना प्रेशर स्विचखालून (ठरलेल्या दाबावर मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचखालून) निघणारा फुसकारा आणि आपोआप पाणी सोडणाऱ्या झडपेचा फटका क्षणाचे असले तरी दचकवतात. त्या तोंडांवर कांस्यकणांचा छोटा सायलेन्सर बसतो.

तिसरी वाट पायांतून आणि नळ्यांतून इमारतीच्या अंगात शिरते. तक्रार दूरच्या खोलीतून येत असेल आणि यंत्राजवळ आवाज बेताचाच असेल, तर संशय याच वाटेवर घ्यावा. नळीच्या भिंतीवरच्या क्लॅम्पवर हात ठेवला की थरथर कळते. यंत्र आणि पक्की नळी यांच्यामध्ये दाब व उष्णता सोसणारा लवचिक होज हवा, आणि भिंतीतून जाणारी नळी सिमेंटने घट्ट न भरता रबरी बाहीतून न्यायला हवी.

पायाखालचे रबर

कंपन अडवण्यासाठी पायांखाली रबराचा तुकडा ठेवण्याची रीत सर्वत्र आहे आणि पुष्कळदा तिने काम बिघडते. आधारावर बसवलेल्या यंत्राला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, आणि ती यंत्राच्या वजनाने आधार किती दबतो यावर ठरते. १ मिलिमीटर दबणाऱ्या आधाराची कंपनसंख्या सुमारे १६ हर्ट्झ. आता ९०० फेऱ्यांच्या कॉम्प्रेसरचा झटका सेकंदाला १५ वेळा येतो. म्हणजे पातळ रबर ठेवल्याने यंत्र आपल्याच तालावर झुलू लागते आणि जमिनीला आधीपेक्षा जास्त धक्के बसतात. प्रत्यक्षात रबर हलत्या भाराखाली जरा ताठर वागते, त्यामुळे गणित थोडे सरकते, पण धोक्याचा पट्टा तोच राहतो.

झटक्यांची संख्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या १.४ पटीहून वर गेल्याशिवाय आधार काहीच अडवत नाही. ती तिप्पट झाली की साधारण आठवा हिस्साच जमिनीपर्यंत पोचतो. १५ हर्ट्झच्या झटक्यासाठी आधार ५ हर्ट्झचा, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर दबणारा हवा. हे काम स्प्रिंगचे आहे, चटईचे नव्हे. अशा मऊ स्प्रिंगवर हलके यंत्र सुरू होताना व थांबताना फार डोलते, म्हणून त्याला जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर आवळून मग ठोकळा स्प्रिंगवर बसवतात. उभ्या टाकीवरचे यंत्र तर उंचीमुळे आणखीच डगमगते. वरच्या मजल्यावर जागा निवडायची वेळ आली तर स्लॅबचा मध्य टाळावा, कारण तो सर्वांत लवचिक असतो. खांबाजवळची किंवा तुळईवरची जागा बरी. कोपरा मात्र खालच्या सुरांना उचलून धरतो, हे लक्षात ठेवूनच खांब निवडावा.

प्रकार

थेट मोटरवर चालणारे, वेगवान, तेलविरहित छोटे पिस्टन यंत्र स्वस्त आणि सर्वांत कर्कश. ते ८० ते ९० डेसिबलच्या घरात जाते. त्याच कामासाठी चार ध्रुवांच्या, म्हणजे मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांच्या मोटरवरचे तेलविरहित यंत्र बरेच सौम्य असते. पट्ट्यावर चालणारे बिडाचे यंत्र हळू फिरते आणि टिकाऊ असते, पण घरघरते.

स्क्रोल प्रकारात दोन सर्पिल पट्ट्या एकमेकींत बसवलेल्या असतात. एक स्थिर राहते, दुसरी तिच्यात घिरट्या घेते आणि हवा कडेकडून मध्याकडे दाबली जाते. लेऑन क्रू यांचे या रचनेचे पेटंट १९०५ चे आहे, परंतु इतक्या बारकाईने सर्पिल कातणे बऱ्याच दशकांनंतर परवडू लागले. घोट जवळजवळ अखंड असल्यामुळे झटके नाहीत. आवरणासह ५० ते ६५ डीबीए सहज मिळतात. इमारतीसाठी, विशेषतः स्वच्छ हवा लागते तिथे, हीच निवड सहसा योग्य ठरते. किंमत जास्त असते आणि टोकाच्या सीलपट्ट्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात.

स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये एकमेकांत अडकून फिरणारे दोन पेचदार दांडे हवा दाबतात. त्याची कल्पना १८७८ च्या हाइनरिश क्रिगार यांच्या जर्मन पेटंटात आढळते. तिला कामाचे रूप १९३० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ लिसहोल्म यांनी दिले. बंद आवरणातला स्क्रू शांत असतो, पण तो सतत चालण्यासाठी आहे. थोडी हवा लागणाऱ्या इमारतीत तो दोन मिनिटे चालून थांबत राहिला तर तेल पुरेसे तापत नाही, हवेतले पाणी त्यात साचते आणि तेल दुधाळ होते. शांततेसाठी मोठा स्क्रू घेणे म्हणूनच चुकते. वेग बदलणारी मोटर गरजेनुसार हळू चालते व आवाज उतरतो, मात्र एखाद्या वेगावर आवरणाचा पत्रा घुमू लागला तर तो वेग नियंत्रकात वगळावा.

पेटी आणि उष्णता

यंत्राभोवती पेटी करताना तीन गोष्टी लागतात: जड भिंती, आतून शोषक थर आणि बंद फटी. भिंतीचे वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात. फट मात्र निर्दय असते. पेटीच्या पृष्ठभागाचा १ टक्का भाग उघडा राहिला तर भिंत कितीही जाड असो, घट २० डेसिबलपुढे जात नाही. ५० मिलिमीटरची खनिज लोकर वरचे सूर चांगले शोषते. ३० हर्ट्झची घरघर तिला दादच देत नाही. अंड्यांचे पुठ्ठे जवळपास काहीच शोषत नाहीत आणि पेट मात्र घेतात. सिलिंडरच्या डोक्यातून निघणारी नळी १५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, तिच्याजवळ पुठ्ठा किंवा साधा फोम ठेवू नये.

घरगुती पेट्या बहुतेक उष्णतेने मरतात. कॉम्प्रेसरला दिलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. ५.५ किलोवॅटच्या यंत्राची उष्णता १० अंशांच्या वाढीत बाहेर काढायला ताशी सुमारे १,६०० घनमीटर हवा खेळवावी लागते. तेवढी हवा येण्याजाण्याचे मार्ग रुंद, आतून लोकर लावलेले आणि किमान एकेक वळण घेणारे हवेत, म्हणजे हवा वळते आणि आवाज भिंतीवर आपटून विरतो. पंखा मोठा आणि संथ घ्यावा, नाहीतर कॉम्प्रेसरऐवजी पंखाच ऐकत बसावे लागते.

कमी वेळ चालवणे

बंद यंत्राइतके शांत यंत्र नाही. हे वाटते तितके पोरकट विधान नव्हे. ५०० लिटरची टाकी १० बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) भरून ६ बारपर्यंत वापरली तर वातावरणाच्या दाबाची २,००० लिटर हवा मिळते. रात्री कोणी हवा वापरत नसेल आणि नळ्यांतून मिनिटाला ५ लिटर गळत असेल, तर हा साठा ६ तास ४० मिनिटांत संपतो आणि यंत्र पहाटे सुरू होते. गळती निम्मी केली की साठा तेरा तासांहून अधिक, म्हणजे रात्रभर पुरतो. मोजणी सोपी आहे. यंत्र बंद करून दाब उतरताना पाहावा. या टाकीत १०० मिनिटांत १ बार उतरला तर गळती मिनिटाला ५ लिटर. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की फुगे जागा दाखवतात. वेळ ठरवणारा स्विच लावून रात्री यंत्र बंदच ठेवता येते. अपवाद अग्निशमन नळ्या आणि रुग्णालयातल्या श्वसनाच्या हवेचा: तिथे पुरवठा तोडायचा नसतो, आणि असे बदल नियमांच्या चौकटीतच होतात. दाब गरजेपुरताच ठेवल्याने वीजही वाचते. ७ बारच्या आसपास १ बार कमी केला की सुमारे ७ टक्के.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून

हौशी लोक जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर टाकीला जोडतात. बंद पोलादी कवचात स्प्रिंगांवर टांगलेले हे यंत्र ४० डेसिबलच्या आसपास चालते, त्यामुळे मोह पडतो. हवा मात्र मिनिटाला काही दशक लिटरच मिळते आणि तिच्याबरोबर तेल जाते, म्हणून चित्रकारीच्या फवाऱ्याइतपत कामालाच ते पुरते. शीतकाच्या वायूने येणारा गारवा इथे नसल्यामुळे ते तापते, म्हणून मधूनमधून थांबवावे लागते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाकीच्या तोंडाशी बसवून त्याआधीच्या नळीतला दाब थांबताना सोडून द्यावा, अन्यथा दाबाविरुद्ध मोटर सुरू होत नाही व वेटोळे जळते. शीतकाचा वायू आधी जाणकाराकडून काढून घ्यावा. टाकी दाबासाठी बनवलेली व तपासलेलीच घ्यावी, तिच्यावर प्रेशर स्विचखेरीज वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असावा आणि तळाचे पाणी नेमाने सोडावे, कारण टाकी आतून गंजते. पीव्हीसीचे पाइप पाण्यासाठी ठीक असले तरी दाबाच्या हवेत फुटल्यावर त्यांचे अणकुचीदार तुकडे उडतात. तिथे तांबे, पोलाद, ॲल्युमिनियम किंवा हवेसाठीच बनवलेला होज वापरावा.