टोकदार अक्षरातली शंकरपाळी

नौपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी जिम सुरू झाली. पाटी इंग्रजीत, काळीकुट्ट, भाल्याच्या फाळांसारख्या टोकदार अक्षरांत. शेजारचे काका म्हणाले, "हिटलरचा फॉण्ट आहे हा." हा गैरसमज फार ऐकू येतो. या वळणाला ब्लॅकलेटर म्हणतात. युरोपात ते बाराव्या शतकापासून हाताने लिहिलं जायचं. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास छापलेलं बायबलही याच वळणाचं. नाझींनी ते आधी मिरवलं खरं, पण जानेवारी १९४१मध्ये 'ज्यूंची अक्षरं' असा खोटा ठपका ठेवून त्यांनीच ते सरकारी वापरातून काढलं.

मग ही टोकं आली कुठून? ५ मिलिमीटर रुंदीचा कट मार्कर, म्हणजे सपाट छाटलेल्या टोकाचा पेन घ्या. त्याची धार कागदावर ४५ अंशांत तिरकी टेकवा, डावा कोपरा खाली, उजवा वर. काही झालं तरी हा कोन बदलायचा नाही. उभी रेघ ओढा, जाडी भरते साधारण साडेतीन मिलिमीटर. आडवीही तेवढीच. डावीकडून उजवीकडे तिरकी उतरा, पूर्ण ५. उलट्या तिरक्या दिशेने गेलात तर केसाएवढी! दहावीची त्रिकोणमिती आठवा: जाडी म्हणजे धारेची रुंदी गुणिले रेघ आणि धार यांच्यातल्या कोनाचा साइन. आता त्याच जाड दिशेने फक्त ५ मिलिमीटर सरका. कागदावर कोपऱ्यावर उभा चौकोन उमटतो, थेट शंकरपाळी. उभ्या दांड्याच्या डोक्याला एक आणि पायाशी एक शंकरपाळी लावली की झाला छोटा 'आय'.

रुंद धार वर ढकलली की कागदात अडकते, शाई उडते. म्हणून गोलाई सलग न वळवता तुकड्यांत तोडायची. यातल्या एका वळणाचं नावच 'फ्राक्टुर', म्हणजे तुटलेलं. देवनागरीच्या बोरूचा छाट उलट्या बाजूचा, त्यामुळे आपली जाड तिरकी रेघ उजवीकडून डावीकडे उतरते.

टोकदार अक्षर म्हणजे तापट स्वभाव, असं सांगून पैसे घेणारे अक्षरज्योतिषी ठाण्यातही भेटतील. त्यांना एकही रुपया देऊ नका. ही अक्षरं घोटणारे कित्येक जण मठात बसून प्रार्थना उतरवणारे साधू होते.

दांडे एकसारखे आणि मधल्या फटीही तेवढ्याच, म्हणून पान विणल्यासारखं दिसतं. पण इंग्रजी 'minimum' हा शब्द छोट्या अक्षरांत लिहिला तर एकसारखे १५ दांडे ओळीने उभे राहतात! 'आय'वर खूण द्यायची पद्धत याच गोंधळातून रुजली. म्हणून हे वळण मोठ्या आकारात आणि मोजक्या शब्दांतच शोभतं: न्यूयॉर्क टाइम्सचं शीर्षक, प्रमाणपत्रं, बिअरची लेबलं, टॅटू.

जिमची पाटी मात्र सगळी कॅपिटलमध्ये आहे. ब्लॅकलेटरची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटी बसण्यासाठी घडली, नक्षीदार आणि पसरट. ती शेजारी शेजारी आली की डोळा अडखळतो. पहिलं अक्षर तेवढं मोठं ठेवा, बाकीची छोटी करा आणि पत्ता साध्या फॉण्टमध्ये टाका, असं मी मालकाला सांगून आलोय.