घाम गळला, पण वाळला नाही

घामाने अंग थंड होतं, हे शाळेत शिकवतात. पण थंडावा घाम येण्यात नाही, तो वाळण्यात आहे. कपाळावरून टपकलेला थेंब उष्णता जवळजवळ नेतच नाही. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोचा जीव बहुधा याच फरकाने घेतला.

लिस्बनचा हा सुतार मायदेशातला अव्वल मॅरेथॉनपटू होता. १९१२ साली स्टॉकहोममध्ये पोर्तुगाल पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरलं, तेव्हा ध्वज त्याच्या हाती होता. १४ जुलैला, शर्यतीच्या दिवशी, पारा ३० अंशांच्या आसपास. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला चरबी चोपडली होती, असं सांगतात. सुमारे ३० किलोमीटरवर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

हिशेब मांडू. धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६० किलोचा माणूस ताशी १५ किलोमीटर धावला तर तासाला ९००. त्यातल्या ७०० तरी निव्वळ उष्णता. एवढ्या देहाचं तापमान १ अंशाने चढायला जेमतेम ५० किलोकॅलरी पुरतात. सगळी उष्णता कोंडली, तर चार-साडेचार मिनिटांना एक अंश! हवाच तापलेली असली की वारा फारसा उपयोगी पडत नाही, भिस्त घामावर. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेतो. म्हणजे तासाला सव्वा लिटर घाम वाळायला हवा. त्यासाठी तो कातडीवर पातळ पसरावा लागतो. चरबीवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं. वाळण्यात फक्त दहा टक्के तूट आली तरी तासाला ७० किलोकॅलरी आत साठतात, म्हणजे १.४ अंश, दोन तासांत ३७ चे ४० होत आले. शिवाय डोक्यावर ऊन, आणि शरीरातलं पाणी घटलं की कातडीकडे जाणारं रक्तही कमी.

'चरबी जाळणारी' प्लास्टिकची जाकिटं घामाला असंच अडवतात. घटतं ते पाण्याचं वजन, प्यायल्यावर परत येतं. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं थांबत नाही.

उन्हात धावणारा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि लगेच गार करायला घ्यावं. बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवून, डोकं धरून, पाणी ढवळत राहायचं. न ढवळल्यास अंगालगतचं पाणी कोमट होतं. आतलं तापमान अर्ध्या तासात ३९ च्या खाली यायला हवं. टब नसेल तर अंगभर गार ओली फडकी, सतत बदलत, आणि वारा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.