शेजारती आणि विसर्जन : श्रीलंकेच्या संसदेला लागलेली दोन कुलपं

शेजारती झाली की विठ्ठलाच्या गाभाऱ्याचं दार बंद होतं. अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात गेला की मखर रिकामं होतं. दर्शन दोन्हीकडे बंदच, पण पहाटे काकड्याला तोच विठ्ठल उठतो आणि पुढच्या भाद्रपदात मूर्ती मात्र नवी आणावी लागते. संसदेची ‘सत्रसमाप्ती’ आणि संसदेचं ‘विसर्जन’ यांत फरक आहे तो एवढाच. बातम्यांत पहिल्याला कधी ‘संसद स्थगित’ म्हणतात, कधी ‘संसद गुंडाळली’, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकच. २०१८ साली श्रीलंकेत एकाच वेळी दोन पंतप्रधान होते, तेव्हा सगळा तिढा शेवटी या फरकावर येऊन ठेपला.

२६ ऑक्टोबर, शुक्रवारची संध्याकाळ. राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना काढलं आणि महिंदा राजपक्ष यांना शपथ दिली. रनिल म्हणाले, मी जात नाही. कोलंबोतल्या ‘टेंपल ट्रीज’ या सरकारी निवासस्थानी ते ठाण मांडून बसले, बाहेर समर्थक जमले. त्याच रात्री राजपक्ष समर्थक सरकारी दूरचित्रवाणीच्या कार्यालयात घुसले. रविवारी जुन्या मंत्रिमंडळातले पेट्रोलियम मंत्री आपल्या कार्यालयात गेले, तर जमावाने त्यांना घेरलं. अंगरक्षकाने गोळी झाडली, माणूस दगावला. कमांडोंनी मंत्र्यांना हेल्मेट आणि लष्करी पेहराव घालून बाहेर काढलं. हे मंत्री म्हणजे अर्जुन रणतुंगा, १९९६चा विश्वचषक उचलणारा कर्णधार!

आता आकडे. २२५ जणांची संसद, बहुमताला ११३. २०१५च्या निवडणुकीत रनिल यांच्या आघाडीच्या १०६ जागा आल्या होत्या, सिरिसेना-राजपक्ष ज्या आघाडीतले तिच्या ९५. म्हणजे राजपक्षांना अठरा डोकी कमी. शनिवारी रनिल म्हणाले, सभागृह बोलवा, बहुमत दाखवतो. उत्तरादाखल सिरिसेनांनी पहिलं कुलूप लावलं : १६ नोव्हेंबरपर्यंत सत्रसमाप्ती.

हे कुलूप कायदेशीर होतं, आणि मला तरी तेच जास्त धोक्याचं वाटतं. श्रीलंकेच्या राज्यघटनेत सत्रसमाप्तीला एकच मोठी अट आहे. पुढच्या अधिवेशनाची तारीख त्याच घोषणेत द्यायची आणि ती दोन महिन्यांच्या आत हवी. या काळात खासदार खासदारच राहतात, सभापती सभापतीच. अर्धवट राहिलेलं कामकाज पुढच्या अधिवेशनात तिथूनच उचलता येतं. फक्त भेटायचं नाही. ज्याला अठरा डोकी जमवायची आहेत त्याला आणखी काय हवं? खासदार बाहेर मोकळे, मतदानाची तारीख दूर. घोडेबाजाराचे आरोप लगेच सुरू झाले. (आपल्याकडचे रिसॉर्ट आठवले असतील, तर चूक तुमची नाही.)

जाता जाता, ‘तहकूब’ हा तिसराच प्रकार. तो सभापतींच्या हातात असतो, पाच मिनिटांचाही असतो. सत्रसमाप्ती राष्ट्राध्यक्ष करतात. आपल्याकडेही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचं सूप वाजलं की सत्रसमाप्ती राज्यपालांच्या नावे होते, आणि त्याने प्रलंबित विधेयकं मरत नाहीत. राज्यसभेला तर विसर्जनच नाही, ती फक्त झोपते आणि उठते.

श्रीलंकेत अठरा डोकी काही जमली नाहीत. दबाव वाढला तशी अधिवेशनाची तारीख १४ नोव्हेंबरवर आली. मग ९ नोव्हेंबरला, पुन्हा शुक्रवारी, रात्रीच्या गॅझेटमध्ये दुसरं कुलूप लागलं : संसद विसर्जित, निवडणूक ५ जानेवारीला. आता बहुमत मोजणार कोण? विसर्जनानंतर खासदारच उरत नाहीत.

पण इथे घटनेत आडकाठी होती. २०१५च्या एकोणिसाव्या दुरुस्तीनुसार पहिली साडेचार वर्षं राष्ट्राध्यक्षांना संसद विसर्जित करता येत नव्हती. सभागृहाने स्वतः दोन तृतीयांश मतांनी, म्हणजे १५० जणांनी, मागितलं तरच. ही दुरुस्ती आणण्यात पुढाकार खुद्द सिरिसेनांचा! त्यांच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की कलम ३३मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांत संसद बोलावणे, सत्रसमाप्ती करणे आणि विसर्जित करणे हे तिन्ही एकाच ओळीत दिलेत, मग कलम ७०मधली ही साडेचार वर्षांची अट मध्ये कशाला? म्हणजे आपण वाचक जी गल्लत करतो तीच सर्वोच्च न्यायालयासमोर मांडली गेली.

१३ नोव्हेंबरला न्यायालयाने विसर्जनाला अंतरिम स्थगिती दिली आणि दुसऱ्याच दिवशी संसद भरली. १२२ खासदारांच्या सह्यांचा अविश्वास ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. राजपक्ष गट मानेना. १६ तारखेला त्यांच्या खासदारांनी सभापती करू जयसूर्या यांचं आसनच अडवलं. पोलिसांच्या कड्यातून सभापती आत आले तर पोलिसांवर खुर्ची भिरकावली गेली, मिरचीपूड उधळली गेली. त्या गोंधळातच त्यांनी पुन्हा मतदान घेतलं.

बाहेरच्यांसाठी हा तमाशा होता, आतल्यांसाठी डिसेंबर जवळ येत होता. २०१९चा अर्थसंकल्प मांडलाच गेला नव्हता आणि १ जानेवारीपासून सरकारी खर्च कोणाच्या मंजुरीने होणार ते कोणी सांगू शकत नव्हतं. रुपया घसरत होता, पतमानांकन खाली आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला अपील न्यायालयाने राजपक्ष आणि त्यांच्या मंत्र्यांना पदावर काम करण्यापासून रोखलं. काही दिवस देशात दोन पंतप्रधानांऐवजी एकही नाही अशी गत झाली.

१३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींनी एकमताने विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. १५ला राजपक्ष गेले, १६ला रनिल यांनी पुन्हा शपथ घेतली. शपथ दिली सिरिसेनांनीच.

साडेचार वर्षं भरली ती २०२०च्या मार्चमध्ये. नवे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांनी मुदत भरताच, २ मार्चला संसद विसर्जित केली. पुढे घटना बदलून ती मुदत अडीच वर्षांवर आणली गेली. २४ सप्टेंबर २०२४ला संसद पुन्हा विसर्जित झाली, या वेळी मुदत उलटून गेल्यावर. सही होती आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष झालेल्या अनुरा कुमार दिसानायके यांची. २०१८च्या १४ नोव्हेंबरला तो अविश्वास ठराव मांडणारे खासदार हेच. त्यांनी निवडणुकीची तारीख दिली, तीही १४ नोव्हेंबर.