गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतरचं बीपी: नातेवाइकांसाठी माहिती

आम्ही पुण्यात घरी आणि हॉस्पिटलमध्ये अटेंडंट पुरवतो, बीपी मशीन आणि फाउलर बेड भाड्याने देतो. स्ट्रोकचा पेशंट आयसीयूत असला की घरच्यांचा फोन येतो: "मॉनिटरवर १६५ दिसतंय, तरी कुणी काही करत नाही!" ती काळजी आम्हाला समजते. म्हणून हे पत्रक.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध देतात. अल्टेप्लेज असेल तर थोडा डोस लगेच आणि उरलेला तासाभरात जातो. टेनेक्टेप्लेज एकाच वेळी देतात. त्याआधी बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं आणि नंतरचे २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचं असतं. कारण औषधामुळे रक्त सहज गोठत नाही, आणि रक्तावाचून राहिलेल्या भागातल्या वाहिन्या नाजूक झालेल्या असतात. दाब वाढला तर तिथेच रक्तस्राव होऊ शकतो.

मग वरचं बीपी (दोन आकड्यांतला मोठा) सरळ १२० वर का आणत नाहीत? गुठळीच्या पलीकडे मेंदूचा काही भाग अजून जिवंत असतो. शेजारच्या बारीक वाहिन्यांतून त्याला जेमतेम रक्त मिळतं, आणि ते तिथवर पोचायला दाब लागतो. बीपी एकदम पाडलं तर तोच भाग जातो. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एन्चान्टेड नावाच्या अभ्यासात वरचं बीपी १३०-१४० वर ठेवून पाहिलं होतं. रक्तस्राव कमी झाले, पण ९० दिवसांनी पेशंटच्या हिंडण्याफिरण्यात आणि रोजच्या व्यवहारात फरक दिसला नाही. त्यामुळे १६५ दिसूनही डॉक्टर शांत असतील, तर बहुतेक वेळा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. सतत वरखाली होणारं बीपीही चांगलं नाही, म्हणून एका आकड्यापेक्षा त्याचा कल पाहतात.

पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पुरे होईपर्यंत तासातासाला बीपी मोजतात. कफ सारखा फुगतो, पेशंटची झोप मोडते. तरी कृपया तो काढायला सांगू नका.

काही पेशंट याच काळात पुन्हा बिघडतात. कधी रक्तस्राव होतो, कधी उघडलेली वाहिनी परत बंद होते, कधी ती उघडतच नाही, कधी मेंदूला सूज येते. सुरुवातीचा बदल पुष्कळदा जवळ बसलेल्या माणसालाच जाणवतो, कारण बाबांचं नेहमीचं बोलणं तुम्हाला माहीत असतं, सिस्टरना नाही. जोरात डोकं दुखणं, उलटी, गुंगी वाढणं, हललेला हात पुन्हा पडणं, बोलणं जास्त अडखळणं किंवा बीपी अचानक चढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. राउंडची वाट पाहू नका. औषध चालू असेल तर ते थांबवून तातडीने सीटी करावा लागू शकतो. ओठ किंवा जीभ सुजली तरी लगेच सांगा. रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांत ही सूज जास्त दिसते. म्हणून घरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

पण त्यातली एकही गोळी स्वतःहून देऊ नका, बीपीचीही नाही. ॲस्पिरिन सहसा २४ तासांनंतरचा सीटी पाहूनच सुरू करतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत घरून आणलेली पेज किंवा चमचाभर पाणीही नको, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. आमच्या अटेंडंटनाही हेच शिकवलेलं आहे. त्यांनी नकार दिला तर रागावू नका.

घरी आल्यावर बीपी पाच मिनिटं शांत बसवून, चांगल्या हातावर मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. वही तपासणीला न्या. तोंड वाकडं झालं, हात पडला किंवा बोलणं अडखळलं, तर आधी १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा. आम्हाला नंतर कळवलं तरी चालेल.