क्रँकला ग्रीस: घसरेल की घट्ट बसेल?

चौकोनी स्पिंडलवर (सायकलच्या दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्यावर) क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, चढवताना ग्रीसचं बोटही लागू द्यायचं नाही, हा अनेक सायकल मेकॅनिकांचा दंडक. ग्रीसने वस्तू घसरते, इथे तर पकड हवी, असा साधा हिशेब. काही उत्पादकही कोरडीच बसवा म्हणतात. कॅलिफोर्नियाचे अभियंते जॉब्स्ट ब्रांट मात्र वर्षानुवर्षं ग्रीसच्या बाजूने भांडत राहिले, आणि गणित त्यांच्या बाजूचं आहे.

स्पिंडलच्या टोकाच्या चारही बाजू अक्षाशी 2 अंशांनी तिरक्या असतात. क्रँक 1 मिमी आत गेली की तिचं भोक प्रत्येक बाजूला सुमारे 0.035 मिमी ताणलं जातं. ॲल्युमिनियमचं हे ताणलेलं भोक आकसू पाहतं आणि पोलादी स्पिंडलला आवळतं. पकड म्हणजे हेच आवळणं. बोल्ट फक्त क्रँक आत ढकलतो.

8 मिमीचा बोल्ट 40 न्यूटन-मीटरने आवळला की ढोबळमानाने 25,000 न्यूटन, म्हणजे अडीच टनांचा जोर मिळतो. त्यातला बराच घर्षणच खाऊन टाकतं. चार बाजूंवरचा एकूण दाब = बोल्टचा जोर ÷ (घर्षणांक + 0.035). घर्षणांक म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात ते सांगणारा आकडा. हा 0.035 म्हणजे 2 अंशांचा टॅन. कोरड्या धातूंचा घर्षणांक 0.3 धरला तर दाब बोल्टच्या जोराच्या तिप्पट. ग्रीस लावून 0.1 धरला तर सातपटीहून जास्त. बोल्ट तोच, पाना तोच, आवळ मात्र अडीचपट! क्रँक आपोआप सुटायला घर्षणांक 0.035 च्या खाली जावा लागेल. साधं ग्रीस तिथवर पोचत नाही.

पेडलचा पीळही मुख्यतः सपाट बाजूंवरचा दाबच पेलतो. तो कमी पडला की प्रत्येक फेरीत बाजूची एक कड किंचित उचलली जाते आणि पुन्हा आदळते. तिथे तांबूस-काळी भुकटी साचते, करकर सुरू होते आणि चौकोनी भोक हळूहळू गोल होतं. किनारपट्टीच्या खारट दमट हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसतात ते वेगळंच. पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) लावला तरी क्रँक हलत नाही, उलट पुलरचे आटे उपटून येतात.

तपासून पाहायचं तर भंगारात निघालेली क्रँक घ्या. क्रँकचं भोक आणि स्पिंडल रॉकेलने पुसून पूर्ण वाळवा. बोल्टचे आटे आणि डोक्याखालचा भाग मात्र दोन्ही वेळा ग्रीस लावलेलाच हवा, नाहीतर तुम्ही टेपरची (तिरक्या बाजूंची) नव्हे, बोल्टची परीक्षा घेताय. टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) 40 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, बोल्ट काढा आणि क्रँकच्या बाहेरच्या कडेपासून स्पिंडलच्या टोकापर्यंतची खोली व्हर्नियर कॅलिपरच्या मागून निघणाऱ्या काडीने मोजा. क्रँक जितकी आत गेली, तितकी ही खोली कमी. मग क्रँक काढून पुसा, पातळ थर ग्रीस लावा, तेच पुन्हा.

यात एक फसगत आहे. दर वेळी ॲल्युमिनियम थोडं कायमचं दबतं, त्यामुळे दुसरी चढाई तशीही खोलवर जाते. म्हणून कोरडी, ग्रीस, ग्रीस, कोरडी असा क्रम ठेवा आणि दोन-दोन मापांची सरासरी घ्या. रबरी हातोड्याचे शुभारंभाचे ठोके नकोत, मोजमाप बिघडतं. चिमुकल्या डबीतली महागडी ‘रेसिंग’ पेस्टही नको. बेअरिंगचं साधं ग्रीस पुरे.

कोरडी बसवा म्हणण्यामागे मात्र एक खरी भीती आहे: अंदाजाने आवळणाऱ्याच्या हातून ग्रीस लावलेली क्रँक फार आत जाऊन भोकापासून तडकते. टॉर्क रेंच नसेल तर 20 सेंमीच्या पान्याच्या टोकावर साधारण 20 किलोंचा जोर, बस. आणि उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच पाळा.

काही किलोमीटर चालवल्यावर बोल्ट सैल सापडेल, कारण पेडलच्या जोराने क्रँक स्वतःच आणखी थोडी आत चढते. तो पडणार नाही इतपत टेकवून ठेवा. दर आठवड्याला पूर्ण जोराने आवळत राहिलात तर क्रँक दर वेळी थोडी पुढे सरकेल आणि शेवटी तडकेल. मग दोष ग्रीसच्या माथी मारला जातो.